बोली, वय आणि गोतावळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही ‘मला मदत कर’ म्हणतो, कॉलेजातली मुलगी ‘माझी मदत कर’ म्हणते. मैत्रिणींत तर तिची वेगळीच भाषा चालते. मोठी झाल्यावर ती आमच्यासारखं बोलेल का?

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या धरा. कट्ट्यावरचे शब्द बहुतेक गळून पडतील. आपला कोण, परका कोण हे ठरवायला ते त्या वयात उपयोगी पडतात. नोकरी लागली की ऐकणारी माणसं बदलतात आणि शब्दही. ‘माझी मदत’ ही मात्र वाक्याची घडण आहे. उच्चार आणि व्याकरणाच्या सवयी साधारण विशीपर्यंत पक्क्या होतात, पुढे फारशा हलत नाहीत. तेव्हा ही रचना तिच्याबरोबर राहील असंच धरून चाला. सारखं टोकलंत तर ती फक्त तुमच्यासमोर जपून बोलेल.

पडताळा घ्यायचा असेल तर तिशीतले, पंचेचाळिशीतले, साठीतले लोक काय म्हणतात ते ऐका. विशीत भरपूर, मग हळूहळू कमी, साठीत जवळपास नाही, असा उतार दिसला तर बहुधा पिढीच बदलते आहे. तिशीत एकदम नाहीसं झालं तर तो वयाचा भाग. पक्कं उत्तर हवं तर तेच मोजमाप पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

प्रश्न : एकाच गावात, एकाच वयाचे दोघं वेगळे उच्चार का करतात?

उत्तर : बरेचदा, आपण कुणातले हे ज्यानंत्यानं मनात ठरवलेलं असतं म्हणून. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ‘राइट’, ‘हाउस’ यांसारख्या शब्दांतले स्वर तपासले. स्वराची सुरुवात ‘आ’ऐवजी ‘अ’कडे झुकणं ही तिथली जुनी लकब. ती सर्वांत ठळक सापडली ३१ ते ४५ वयाच्या लोकांत, त्यातही मासेमारांत, म्हाताऱ्यांत नव्हे. उन्हाळी पाहुण्यांची वर्दळ वाढत असताना बेटावरच राहायचं ठरवलेल्यांनी ती धरून ठेवली होती. बेट सोडायचं म्हणणाऱ्यांत ती फिकी होती.

प्रश्न : बोलीतल्या अशा फरकांवरच्या प्रकल्पासाठी मुलाखती घ्यायच्या आहेत. कशा घेऊ?

उत्तर : बोलण्यात वारंवार येणारी एकच खूण निवडा. ‘पाणी/पानी’मधला ण-न चालेल. ‘माझी मदत’ तासाभरात एखाद-दोनदाच येईल, त्यासाठी अर्धी वाक्यं पूर्ण करून घ्यावी लागतील. तीन वयोगट, प्रत्येकात कमी आणि जास्त शिकलेले असे दोन भाग, प्रत्येक भागात चार-पाच माणसं : म्हणजे २४ ते ३०. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. शिकलेले तरुण आणि न शिकलेले म्हातारे समोरासमोर ठेवले, तर दिसलेला फरक वयाचा की शिक्षणाचा हे कधीच कळत नाही.

आधी परवानगी घ्या, पंखा बंद करा, माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर ठेवा. पहिली दहा मिनिटं माणूस जपून बोलतो, ती वेगळी मोजा. लहानपणचे खेळ, जिवावर बेतलेला प्रसंग असं विचारलं की तो सैल होतो. उतारा आणि शब्दयादी त्याच्याकडून शेवटी वाचून घ्या. आधी दिलीत तर तुम्ही काय शोधताय ते त्याला कळतं. तुम्ही स्वतः कसे बोलता त्याचाही परिणाम होतो, म्हणून शक्य तर त्याच गोतावळ्यातला सोबती न्या. प्रत्येकाची किमान तीस उदाहरणं मिळाली तरच टक्केवारी काढा : ‘ण’ येऊ शकला असता अशा जागा किती आणि खरोखर आला किती.

वेळ कमी असेल तर लबॉव यांचीच १९६२ ची न्यूयॉर्कमधली युक्ती पाहा. तीन मोठ्या दुकानांत त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारला. उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ येणारच होतं, आणि त्यातला ‘र’ तिथे काही जण उच्चारत, काही गाळत. मग ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा, ठासून वदवून घेतलं. २६४ कर्मचाऱ्यांपैकी ‘र’ निदान कधीतरी उच्चारणारे महागड्या सॅक्समध्ये ६२ टक्के, मधल्या मेसीजमध्ये ५१, स्वस्त क्लाइनमध्ये २० च्या आसपास. यात आपलं बोलणं तपासलं जातंय हे कुणाला कळत नाही, पण वय अंदाजानं लिहावं लागतं आणि माणसाची पार्श्वभूमी हाती लागत नाही. वयाचाच अभ्यास असेल तर मुलाखतीच घ्या.