चौथा इंडियाना जोन्स मुलाला दाखवावा का? होय, पण लाईट बघून

गुहागरच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी ठसठस पुन्हा जागी झाली. तुम्ही म्हणता, २००८ साली चौथा इंडियाना जोन्स (‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’, म्हणजे स्फटिकाच्या कवटीचा) मध्यंतरालाच सोडून बाहेर पडलात आणि त्यानंतर घरात त्याचं नाव काढलं नाहीत. आता तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाने मे महिन्यात पहिले तिन्ही भाग संपवलेत आणि तो चौथा मागतोय. तर तो गाळून थेट पाचवा लावावा का?

गाळू नका. आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे नाही. माझं वायरिंगच्या सामानाचं दुकान आहे आणि सिनेमातलं माझं ज्ञान म्हणजे भाड्याने आणलेल्या कॅसेटी. त्यामुळे पटलं तर घ्या. पण अर्धा सिनेमा बघून पूर्ण मत बनवण्यात तुमच्यापेक्षा मी पुढे आहे.

तीन भाग पाहिलेत म्हणजे टोपी, चाबूक, सापांची भीती तुम्हाला माहीत आहे. ते सगळं सोडून देतो. आमच्याकडे ही मालिका गणपतीत बघितली जायची. मुंबईचे काका कॅसेट घेऊन यायचे, वाडीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा आणि भजन आटोपलं की पहाटेपर्यंत चालू. आमचे अण्णा शाळामास्तर. दुसऱ्या भागातलं माकडाच्या मेंदूचं जेवण बघून त्यांनी अर्धा तास टीव्हीकडे पाठ केली होती. (त्या सिनेमाच्या पटकथेला भारत सरकारने हरकत घेतली होती, म्हणून आपल्याकडचं ते गाव श्रीलंकेत कँडीजवळ उभारलं. अमरीश पुरी मात्र अस्सल.) तिसऱ्या भागावर अण्णांचा जीव. त्यातला तो मुलाला ‘ज्युनिअर’ म्हणून हाका मारणारा चक्रम बाप बघून ते डोळे पुसेपर्यंत हसायचे.

म्हणून २००८च्या जूनमध्ये चौथा भाग आमच्या जवळच्या थिएटरात हिंदीत लागला तेव्हा अण्णांना घेऊन गेलो. थिएटरचं नाव घेत नाही. तळकोकणातलं होतं, एवढं पुरे. पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. सिनेमाची सुरुवात झकास. १९५७ साल, नेवाड्याचं वाळवंट, रशियन लोक, अण्वस्त्र चाचणीसाठी बांधलेलं पुतळ्यांचं खोटं गाव. इंडी शिशाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये शिरतो, फ्रिज उडतो, आदळतो, हा बाहेर येतो, समोर अणुबॉम्बचा ढग. तो ढग पडदाभर पसरला आणि लाईट गेली.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, स्फोटाचाच भाग आहे. पाच मिनिटांनी डास चावायला लागले तेव्हा कळलं. अर्ध्या तासाने जनरेटर सुरू झाला. पडदा पुन्हा उजळला तेव्हा इंडी एका कंगवेवाल्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून कॉलेजच्या आवारातून पळत होता.

अण्णा म्हणाले, “मधलं काहीतरी गेलंय रे. हा पोरगा कोण?”

मी काय म्हणालो ते ऐका. “अण्णा, तुम्हाला डुलकी लागली असेल.”

वास्तविक मलाही तो पोरगा कोण ते कळलं नव्हतं. पण हल्लीचे सिनेमे असेच तुटक असतात, असा माझा पक्का समज. मध्यंतरात अण्णा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, “आता मला सिनेमा झेपत नाही.” आणि थिएटरात येणं त्यांनी सोडलं.

मी तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या वर्षी एका छोट्या दिवाळी अंकाला मजकूर हवा होता आणि मी चार पानं झोडपणी लिहून दिली. मुद्दे असे, की तो मुलगा आकाशातून पडल्यासारखा येतो. ज्याला शोधायला सगळे पेरूला जातात तो ऑक्सली कोण, ते सांगितलेलंच नाही. आणि तिसऱ्या भागातल्या बापाचा साधा उल्लेखही नाही, म्हणजे स्पीलबर्गला स्वतःच्या मालिकेचा विसर पडला! हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. दुकानात येणाऱ्यांना वाचून दाखवायचो.

जानेवारीत दापोलीहून एका शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. “सिनेमा झोपेत बघितलात काय? टेबलावरचे दोन फोटो दिसले नाहीत?”

रागाने कोल्हापूरहून डीव्हीडी मागवली, त्यांना खोटं पाडायला. लावली, आणि ढगाच्या पुढे एक अख्खा सिनेमा निघाला. पंधरा-वीस मिनिटांचा, म्हणजे साधारण एक रीळ. लाईटपायी गेलेला अर्धा तास भरून काढायला ऑपरेटरने एक रीळ सरळ बाजूला ठेवली होती, म्हणजे सहाचा खेळ वेळेवर.

त्या रिळात काय होतं? एफबीआय इंडीची चौकशी करते, आयुष्यभर देशासाठी मरमर केलेल्या माणसावर संशय घेते. त्याची नोकरी जाते. त्याच्यासाठी डीनही राजीनामा देतो. दोघे घरात बसलेत, टेबलावर बापाचा आणि मार्कसचा (पहिल्या आणि तिसऱ्या भागातला इंडीचा जुना मित्र) फोटो, आणि इंडी म्हणतो, दोन वर्षं फार वाईट गेली, आधी वडील, मग मार्कस. मार्कसचं काम करणारा डेनहोम एलियट १९९२ सालीच गेला होता आणि बापाचं काम करणाऱ्या शॉन कॉनरीने या भागात यायला नकार दिला होता. ते दोघे नाहीत हे लपवायच्या ऐवजी सिनेमाने ते दुःखच मधोमध मांडलंय. मग रेल्वे स्टेशनवर तो पोरगा येतो, हॉटेलात बसून ऑक्सलीची सगळी गोष्ट सांगतो. म्हणजे मी ‘नाही’ म्हणून छापलेलं एकूण एक त्यात होतं. मोटारसायकलच्या पाठलागात एका पुतळ्याचं मुंडकं तुटून गाडीत पडतं, तेव्हा थिएटरात मी हसलो होतो. तो मार्कसचा पुतळा होता.

मी थिएटरवाल्याकडे गेलो. पैसे परत मागायला नाही, एवढंच कबूल करा म्हणायला. तो म्हणाला, “लायट काय माझ्या खिशात आसा? आणि इंग्लिश पिक्चर तुमका समाजलो नाय, तर ता माझी चूक?” मी म्हटलं, हिंदी होता. “मग तर समजूकच होयो.” सात महिन्यांनी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं असतं तर मीही बहुधा असाच बोललो असतो. तरीही, पडद्यावर एक चिठ्ठी लावायला काय जात होतं? ‘एक रीळ दाखवली नाही, क्षमस्व.’ बस्स.

अण्णांना घरी डीव्हीडी दाखवली. फोटोंचा प्रसंग संपल्यावर त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, “म्हणजे मी जागा होतो.” एवढंच. मी काही बोललो नाही, तेव्हा बोलायला हवं होतं.

आता सिनेमाविषयी. ताई, तुमच्यासारखाच बहुतेकांचा राग फ्रिजवर. इंग्रजीत त्यावरून ‘न्यूक द फ्रिज’ असा वाक्प्रचारच पडला, मालिका हाताबाहेर गेली की वापरायचा. मला तो राग समजत नाही. दुसऱ्या भागात हेच महाशय विमानातून रबरी तराफ्यावर बसून उडी मारतात, बर्फावरून घसरतात, कड्यावरून नदीत पडतात आणि टोपी शाबूत. तेव्हा आपण बारा वर्षांचे होतो, एवढाच फरक.

शेवटची उडती तबकडी? तिचंही मी समर्थन करतो, अर्धंच. पहिले तीन भाग १९३०च्या दशकात घडतात आणि त्या काळच्या साहसी मालिकापटांच्या धाटणीचे आहेत. चौथा १९५७ मधला, म्हणून जॉर्ज लुकासने पन्नाशीच्या दशकातले स्वस्त परग्रहपट डोळ्यांसमोर ठेवले. हिशेब सरळ आहे.

माझं खरं भांडण वेगळंच आहे आणि ते फक्त कोकणातल्या माणसाला सुचेल असं मला वाटतं (चूक असेन). त्या सिनेमात अकातोर नावाच्या हरवलेल्या शहरातल्या लोकांना शेती आणि पाटबंधारे परग्रहवाले शिकवतात. पेरूतल्या नाझ्काच्या रेषाही विमानातून दाखवून घेतात. आता आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, बघा. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे. जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. देवाचे गोठण्याच्या आकृतीजवळ होकायंत्र भरकटतं आणि सिनेमातली स्फटिकाची कवटीही चुंबकासारखी वागते, म्हणून आमच्या दुकानात बसणारा एक शहाणा लगेच “एलियन!” म्हणतो. अहो, जांभ्यात लोखंड असतं. अण्णा विचारायचे, “आपल्या माणसांना हात नव्हते काय?” त्या एका प्रश्नापुढे सिनेमाचा शेवट फिका पडतो.

कवटीची खरी गोष्ट तर याहून रंजक आहे. ब्रिटिश म्युझियमने १८९७ मध्ये घेतलेली स्फटिकाची कवटी प्राचीन मेक्सिकोची म्हणून नावाजली होती. एकोणिसाव्या शतकातल्या युजीन बोबान नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या हातून ती बाजारात आली होती. सिनेमा आला त्याच २००८ साली संशोधकांनी जाहीर केलं, की तिच्यावर फिरत्या चाकाने घासल्याच्या खुणा आहेत. म्हणजे माल अलीकडचा, पाटी जुनी. आंब्याच्या पेटीवर ‘देवगड’ लिहितात तसं. इंडीने हे शोधून काढलं असतं तर मी सिनेमा डोक्यावर घेतला असता.

बाकी जंगलातला पाठलाग हवाई बेटांवर चित्रित करूनही संगणकावरचाच वाटतो. माकडांबरोबर वेलींना लोंबकळणारा तो पोरगा अक्षम्य, तिथे मी कोणाशीही वाद घालणार नाही. केट ब्लँचेटसारखी नटी घेऊन तिला मनं वाचण्याची शक्ती दिली आणि ती शक्ती धड कुठे वापरलीच नाही. पहिल्या भागातली मेरियन, म्हणजे कॅरन ॲलन, परत येते, ट्रकमध्ये नवरा-बायकोसारखं भांडण होतं, त्यासाठी शंभर माकडं माफ.

(पाचवा पाहिला नसाल तर हा परिच्छेद सोडा.) चौथा गाळू नका म्हणण्याचं कारण हेच. पाचव्या भागात, २०२३च्या, तो मोटारसायकलवाला मुलगा (इंडी आणि मेरियनचाच) युद्धात मेलेला आहे आणि त्या दुःखानेच मेरियन आणि इंडी वेगळे झालेत. चौथा न बघता हे पाहिलं तर तुमचा मुलगा विचारील, “हा पोरगा कोण?” माझ्या अनुभवाने सांगतो, या प्रश्नाला उत्तर द्या. डुलकीचं काढू नका.

तर तिसरा आणि चौथा यात चार-आठ दिवस जाऊ द्या. सुरुवातीला “हा वाईट आहे हं” असं सांगू नका, मुलं मग वाईटच शोधतात. धबधब्यांच्या वेळी चहा टाकायला उठलात तरी काही बुडत नाही.

आणि विषय निघालाच आहे म्हणून, टीव्ही इन्व्हर्टरवर नसेल तर पावसाच्या आधी जोडून घ्या. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एक पंखा एवढ्याला साधा इन्व्हर्टर पुरतो, फक्त बॅटरीतलं पाणी दर दोन महिन्यांनी बघा. दुकानदार मोठी बॅटरी गळ्यात मारील, घेऊ नका. मी स्वतः दुकानदार आहे.