केमोथेरपी चालू असताना पूरक गोळ्या द्याव्यात का?
लातूरहून आपण विचारले आहे की, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वडिलांना डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध चालू असताना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डोसिटॅक्सेलचे विघटन यकृतातील विकरांकडून (एन्झाइम्सकडून) होते. त्यांच्या कामात अडथळा आणणाऱ्या अर्कांमुळे औषधाची रक्तातील पातळी बदलून दुष्परिणाम वाढू शकतात किंवा गुण कमी येऊ शकतो. (वरणातली चिमूटभर हळद हा वेगळा विषय, ती खुशाल खावी.) ई जीवनसत्त्वाबाबत तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, रोज ४०० एककांची गोळी घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवत असाल, तर पुढच्या फेरीस सगळ्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.