डॉज सिटीत परतलेला मॅट डिलन

प्रश्न : ‘गनस्मोक’ या अमेरिकन वेस्टर्न मालिकेचे बरेच भाग मी पाहिले आहेत. पुढे त्यावर टीव्हीसाठी चित्रपटही निघाला, असं कळलं. तो पाहण्यासारखा आहे का? त्यात गावचा डॉक्टर, डॉक, आहे का? आणि मॅट-किटीचं लग्न होतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर पाहा. पण त्याआधी मालिकेतला १९६९चा ‘मॅनन’ हा भाग शोधून काढा. मॅट हा कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी. तो गावात नसताना मॅनन हा बंदूकबाज गुंड तिथे शिरतो, दहशत माजवतो आणि गुत्त्याची मालकीण किटी हिच्यावरही हात टाकतो. तो भाग पाहिलेला नसेल, तर चित्रपटातलं वैर नुसतं कानावरून जाईल.

मालिका १९५५ ते १९७५, अशी वीस वर्षं चालली. ‘रिटर्न टू डॉज’ हा चित्रपट सीबीएस या अमेरिकन वाहिनीने सप्टेंबर १९८७मध्ये दाखवला. मॅट आता मार्शल नाही, डोंगरात शिकार करून राहतो. मार्शलचा बिल्ला त्याचा जुना सहाय्यक न्यूली याच्याकडे आहे. मॅनन तुरुंगातून सुटलाय तो सूड घ्यायचाच म्हणून. कथा साधीच आहे; मला धरून ठेवलं ते चेहऱ्यांनी. मॅट म्हणजे जेम्स आर्नेस, किटी म्हणजे अमांडा ब्लेक आणि मॅनन म्हणजे स्टीव्ह फॉरेस्ट, तिघंही तेच. मधेच जुन्या भागांतले तुकडे येतात. आत्ता दिसलेला तरणाबांड मॅट पुढच्या दृश्यात साठी ओलांडलेला असतो. मधली वर्षं या माणसांवरून खरोखरच गेली आहेत, मेकअपने ते साधलं नसतं. आर्नेसच्या पायाला दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओला गोळी लागली होती. त्या दुखण्याने त्याला जन्मभर सोडलं नाही. हे माहीत असलं की त्याचं घोड्यावर बसणं वेगळंच दिसतं. चित्रण कॅनडातल्या अल्बर्टात झालंय, त्यामुळे डोंगर कॅन्ससपेक्षा बरेच उंच आहेत, तेवढं चालवून घ्या.

डॉक नाही. ती भूमिका करणारे मिलबर्न स्टोन १९८०मध्येच गेले. मॅटचा दुसरा सहाय्यक फेस्टसही नाही, आणि त्याची उणीव मला सारखी जाणवत राहिली.

आता लग्नाचं. नाही, होत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ब्लेकबाईंनी एकोणीस हंगाम किटी उभी केली, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरही त्या या चित्रपटासाठी परत आल्या. १९८९मध्ये त्या गेल्या. १९९०च्या ‘द लास्ट अपाची’त मॅटला एक मुलगी असल्याचं कळतं, पण ती किटीची नव्हे, १९७३च्या एका भागात स्मृती गेलेल्या मॅटला आसरा देणाऱ्या विधवेची, माइक यार्डनरची. कथा म्हणून ते बेमालूम जुळवलंय, पण किटीच्या बाजूने पाहणाऱ्याला ते पचत नाही.

त्यानंतर १९९४पर्यंत आणखी तीन चित्रपट निघाले. आर्नेस सगळ्यांत आहे. किटीसाठी पाहणार असाल, तर १९८७चा तेवढा पुरे.