लपवण्यासारखं काही नाही, तरीही…

प्रश्न : काका, आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की व्हॉट्सॲपवर लाल टिक दिसली तर सरकार आपलं वाचतंय. आमचे हे म्हणतात, ‘वाचू देत, आपण काय लपवतोय? 26/11 विसरलीस का?’ खरं काय समजायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, लाल टिक ही लोणकढी थाप आहे. ग्रुपवर तसं बिनधास्त सांगा.

26/11 बद्दल मात्र तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. हल्ला चालू असताना अतिरेक्यांचं पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी होणारं बोलणं पोलिसांनी टिपलं, आणि कसाबच्या खटल्यात ते पुरावा म्हणून आलं. तेव्हा ऐकूच नये, असं मी म्हणणार नाही. प्रश्न कागदाचा, म्हणजे लेखी हुकमाचा आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजात उमेदीची वर्षं काढली. सगळ्या गावाच्या तारा जिथे येतात त्या एमडीएफच्या लोखंडी चौकटीवर एखाद्या नंबरला ‘पॅरलल’ मारायला, म्हणजे त्याचं बोलणं गुपचूप ऐकायला जोडतार लावायला, वीतभर जंपर वायर आणि दोन मिनिटं पुरायची. एकदा साहेब म्हणाले, ‘वायर मार, ऑर्डर मागाहून येईल.’ मारली. आठवड्याने कळलं, नंबर साहेबांच्या व्याह्यांचा होता. ऑर्डर काही आली नाही.

आज कुणाचा फोन ऐकायचा तर नियमाने केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो. तो 60 दिवस चालतो. वाढवत नेला तरी एकूण 180 दिवसच. ही शिस्त पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालामुळे आली. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले, रेकॉर्डिंगही नष्ट करायला लावलं. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका होता, असं कोर्टाला त्यात कुठे दिसलंच नाही.

माझ्या मनात सलतं ते वेगळंच. हुकूम काढणारा सचिव, आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीशाची सही कुठेच लागत नाही. ज्याचं ऐकलं त्याला मागाहूनही कळवत नाहीत. लाचेच्या प्रकरणातल्या माणसाला पत्ता लागला, कारण खटला उभा राहिला.

साहेबांचे व्याही मला बाजारात भेटायचे. ‘लाइनीत हल्ली खरखर फार येते हो,’ म्हणायचे. मी ‘बघतो’ म्हणून पिशवी उचलायचो.