शिकागोचा एप्रिल: स्वेटर की सुती?

प्रश्न: एप्रिलमध्ये मुलाकडे शिकागोला जातेय. तो म्हणतो, सकाळी छान ऊन बघून बाहेर पडलो आणि दुपारी कुडकुडत घरी आलो. असं कसं, दुपारी तर तापायला हवं ना? कपडे काय घेऊ?

उत्तर: काकू, मुलगा खरं सांगतोय. सगळी करामत शहराला लागून असलेल्या मिशिगन तलावाची. हिवाळाभर गारठलेलं ते पाणी एप्रिलमध्येही जेमतेम ४-५ अंशांवर असतं, जमीन मात्र उन्हाने पटकन तापते, मग तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला तलावावरचा गार वारा शहरात घुसतो, म्हणजे आपल्या कोकणातले खारे वारेच की, फक्त फ्रिजमधून आल्यासारखे! वारा फिरला की अर्ध्या तासात पारा ८-१० अंशांनी उतरू शकतो. तिथल्या हवामानाच्या बातम्यांना 'तलावाजवळ थंड' हे शेपूट म्हणूनच असतं. ओहेअर विमानतळ किनाऱ्यापासून बराच आत आहे, तिथलं टेम्परेचर बघून तलावावर फिरायला गेलात तर फसाल. सुती कपडे न्या पण वर स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट हवंच, कानटोपी पर्समध्येच राहू द्या, एप्रिलमध्ये कधीकधी बर्फही पडतो. साडीच नेसणार असाल तर आत थर्मल घाला, कोणाला दिसतंय!