अमेरिकेत डीव्हीडी अदलाबदलीच्या ऑनलाइन साइट्स भरवशाच्या असतात का? माझ्याकडे शंभर-सव्वाशे डिस्क पडून आहेत, टाकू का तिथे?

सगळ्या टाकू नका. का ते सांगते, जरा लांबेल.

मी न्यू जर्सीत असताना अशीच एक साइट वापरायचे, 2006 च्या सुमारास सुरू केली ती थेट साइट बंद पडेपर्यंत. नाव लिहीत नाही. पद्धत सगळीकडे साधारण तीच असते, आपण डिस्क पाठवायची, समोरच्याला मिळाली की आपल्याला एक क्रेडिट, त्या क्रेडिटवर तिसऱ्याच कुणाकडून आपल्याला हवी ती मागवायची, टपालखर्च पाठवणाऱ्याचा आणि साइटची थोडी फी. पहिले काही महिने मी इतकी खूश होते की मैत्रिणींनाही सांगत सुटले होते.

गोची अशी की तिथे प्रत्येक डिस्कला एकच क्रेडिट. वॉलमार्टच्या पाच डॉलरवाल्या ढिगातली असो नाहीतर मिळेनाशी झालेली एखादी चांगली एडिशन असो, भाव एकच. मग कोण शहाणा माणूस चांगली डिस्क पाठवेल? सगळे घरातला गाळ पाठवणार आणि चांगलं मागणार. बघता बघता यादीत नुसता गाळ उरला आणि जे बघावंसं वाटेल त्याला ही मोठी रांग. मी एका जुन्या कृष्णधवल जपानी सिनेमासाठी नंबर लावला होता, तो नंबर पुढे सरकता सरकेना.

शेवटी आला एकदाचा. साधं पाकीट, आत कागदी कव्हर, पुठ्ठ्याचा तुकडासुद्धा नाही, आणि वर तिकीट कमी लावलंय म्हणून पोस्टाने उरलेले पैसे माझ्याकडून घेतले. डिस्क उजेडात धरली तर मधल्या भोकापासून बाहेर केसाएवढा तडा. ओरखडा असता तर एक वेळ चाललं असतं, आतून बाहेर आडवा गेलेला ओरखडा प्लेअर बऱ्याचदा सांभाळून घेतो (गोल, ट्रॅकच्या बाजूने गेलेला असेल तर मात्र अवघड). पण डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भोकापाशी तडा म्हणजे सुरुवातीलाच बोंब. मेनूसुद्धा आला नाही.

तक्रार करायला गेले तर आधी 'मिळाली' वर क्लिक करा, त्याशिवाय तक्रारीचा फॉर्मच उघडत नाही, आणि क्लिक केलं की आपलं क्रेडिट गेलं. साइटकडून उत्तर आलं की तुमचं तुम्ही आपापसात मिटवा, आम्ही फक्त गाठ घालून देतो. फी मात्र कापलेली. मला अजूनही त्या उत्तराचा राग येतो.

आता ज्यासाठी खरं हे लिहायला बसले ते. आमचे भावोजी तेव्हापासून आजपर्यंत, दर गणपतीला जेवायला बसलं की, हा विषय काढतात. वहिनी, अनोळखी लोकांच्या भरवशावर वस्तू पाठवल्यावर असंच होणार, लोकच तसले असतात, त्यापेक्षा आमच्यासारखं नेटफ्लिक्सचं रेंटल घ्यायचं, डिस्क पोस्टाने भाड्याने येतात. साफ चूक. लोक तसले नव्हते. ती डिस्क पाठवणाऱ्या ओहायोतल्या आजी होत्या, पहिल्यांदा म्हणाल्या पोस्टाने तोडली असेल, पण दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून त्यांच्याकडची दुसरी डिस्क पाठवली, क्रेडिट न घेता. या वेळी सीरियलच्या खोक्याचे दोन तुकडे कापून त्यात घातलेली, आणि चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलेलं, मला पटकन सोडवता यावं म्हणून. अशा बाईला तसली म्हणायचं? नियम वाईट होते. रेंटलवाल्यांच्या डिस्कही पोस्टात तुटायच्याच की, पण डिस्क त्यांची स्वतःची असायची म्हणून ते मुकाट्याने दुसरी पाठवायचे. अदलाबदलीत एकदा पाकीट पेटीत पडलं की नुकसानाला कुणी धनीच नाही. आणि भावोजींच्या रेंटलचं काय झालं? नेटफ्लिक्सने 29 सप्टेंबर 2023 ला शेवटच्या डिस्क पाठवल्या आणि तो धंदा गुंडाळला. इतकी वर्षं पैसे भरून ज्यांच्याकडे शेवटी ज्या डिस्क होत्या तेवढ्याच त्यांच्या झाल्या. माझं अख्खं कपाट भरलेलं आहे.

आमची साइट बंद झाली तेव्हा ईमेल आलं, महिनाअखेरपर्यंत क्रेडिट वापरून टाका. यादीत वापरण्यासारखं काय होतं? पैसे परत नाहीत, कारण क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत असं त्यांच्या अटींमध्ये आधीच लिहिलेलं. भिशी बुडाली तर निदान जाऊन दार तरी ठोठावता येतं. म्हणून क्रेडिट साठवून ठेवू नका, एक आलं की लगेच वापरा.

तुमच्या डिस्कपैकी भारतातून आणलेल्या किती आहेत ते लिहिलं नाहीत. माझ्या मराठी सिनेमांच्या डिस्क तिथे टाकताच आल्या नाहीत, सगळी यादी बारकोडवर चालायची आणि आपले बारकोड त्यात नव्हते. शिवाय डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी याचा एक नंबर तिच्यावर असतो, त्याला रीजन म्हणतात; भारतातल्या काही डिस्क रीजन 5 च्या असतात, इथल्या साध्या प्लेअरला रीजन 1 लागतो. डिस्कची खालची बाजू जांभळट दिसत असेल तर ती बहुधा घरी बर्न केलेली कॉपी, तसं असेल तर ती अजिबात पाठवू नका. विकत घेतलेली ओरिजिनल डिस्क दुसऱ्याला द्यायला इथल्या कायद्याची आडकाठी नाही, कॉपीला आहे.

मागवताना वाइडस्क्रीन आहे की फुलस्क्रीन ते विचारून घ्या. नाव तेच, कव्हर जवळपास तेच, आणि घरी येते ती फुलस्क्रीन, दोन्ही बाजूंनी चित्र कापलेली. पाठवताना केससकट पाठवायची तर मीडिया मेल (पोस्टाची पुस्तकं-डिस्कसाठीची सेवा) स्वस्त पडतं, पण सावकाश पोचतं. नुसती डिस्क पुठ्ठ्यात घालून पाठवायची तर पाकीट वाकतंय ना ते बघा, 2007 पासून पोस्ट आकारावरून दर लावतं आणि कडक पाकिटाला जास्त पैसे घेतं.

तरी अगदीच टाकू नका असं मी म्हणणार नाही. पाच डॉलरवाल्या खुशाल टाका. मिळेनाशा झालेल्या असतील तर स्वतः विका किंवा ठेवून द्या. उरलेल्या गावातल्या पब्लिक लायब्ररीला विचारून बघा, बऱ्याच लायब्ऱ्या पुस्तकांच्या सेलसाठी डीव्हीडीही घेतात. आणि बॉक्स सेट असतील तर ते फोडून सुटे पाठवू नका, एका सेटच्या चार डिस्क चार घरी गेल्या की कुणालाच काही धड बघता येत नाही.