‘ऋण त्वरण’ म्हणजेच ‘मंदन’ का?

प्रश्न असा आला आहे: शाळेत ‘ऋण त्वरण’, ‘अवत्वरण’ आणि ‘मंदन’ हे शब्द एकाच अर्थाने शिकवतात. मग वर फेकलेला चेंडू खाली येताना त्वरण ऋण असूनही जोर कसा धरतो?

कारण ते शब्द एका अर्थाचे नाहीतच. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. मंदन म्हणजे चाल (दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा) कमी होणं. ‘ऋण’ हे नुसतं चिन्ह. कुठली दिशा धन धरायची, हे गणित मांडणारा ठरवतो.

चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकला, वरची दिशा धन धरली आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी 10 घेतलं. काळाला ‘क’ म्हटलं तर उंची = 20क − 5क². याचा डेरिव्हेटिव्ह (काळानुसार बदलण्याचा दर) घेतला की वेग मिळतो: 20 − 10क. पुन्हा घेतला की त्वरण: उणे 10. त्यात ‘क’ उरतच नाही. म्हणजे चढताना, माथ्यावर, उतरताना, सगळीकडे तेवढंच. आता वेग बघा. पहिल्या सेकंदाअखेर 10, दुसऱ्याला शून्य, तिसऱ्याला उणे 10, चौथ्याला उणे 20 आणि चेंडू पुन्हा हातात. पहिले दोन सेकंद मंदन आहे, पुढचे दोन अजिबात नाही. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तेव्हाच मंदन. खालची दिशा धन धरलीत तर त्वरण सदैव धन, आणि तरी चढताना मंदन आहेच!

घोळाचं मूळ शब्दातही आहे. ‘त्वरण’ हा त्वरा, सत्वर यांच्याच कुळातला, त्यामुळे कानाला ‘घाई’ ऐकू येते आणि ऋण त्वरण म्हणजे घाई कमी, असं वाटून जातं. मराठी विश्वकोशातला ‘प्रवेग’ मला त्या मानाने बरा वाटतो, निदान वेगाशी नातं सांगतो. (तसं काटेकोरपणे बघितलं तर रस्त्यावरची ‘वेगमर्यादा’सुद्धा चालमर्यादाच, पण चाल म्हटलं की आपल्याला गाण्याची नाहीतर बुद्धिबळातली आठवणार.)

ब्रेक लावलेल्या गाडीच्या गणितात ‘मंदन 2 मीटर प्रति सेकंद वर्ग’ किंवा ‘त्वरण उणे 2’ यांपैकी एक काहीतरी लिहा. ‘मंदन उणे 2’ लिहिलंत, तर ब्रेक लावून गाडी पळवल्यासारखं होईल.